मोरीतले बेडूक

चिमाबाईनं मोरीत तांब्याभर पाणी ओतलं आणि बेडूक जागचा हलला नाही, तेव्हाच खरं तर तिला काहीतरी वाटायला हवं होतं. बेडकाची जात ती, अंगावर थेंब पडला की टुणकन उडी मारणारी. हा मात्र बादलीमागं भिंतीला चिकटून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, गळा तेवढा भराभरा हलत होता. अंगावरून ओघळलेलं पाणी फरशीवर काळपट दिसत होतं. "बस बाबा, गारव्याला आलाईस तर," असं म्हणून चिमाबाई भांडी घासायला लागली.

आता चिमाबाईचं सांगायचं तर तिला कुणी शिकवलेलं चालत नसे. आणि का चालावं? शिनोलीपासून वर डिंभ्यापर्यंत ज्या वस्त्या आहेत त्यांतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. गेली चाळीस वर्षं बाळंतिणीच्या घरून पहिला निरोप यायचा तो तिलाच. ती पोरं आता मोटारसायकली उडवत जातात, तिला बघून हात करतात, आणि ती शेजारणीला सांगते, "ह्याची टाळू मी भरलीया, तवा कुठं ही अक्कल आली." एखादं लेकरू दूध ओढत नसलं, रात्रंदिवस रडत असलं, पोट फुगलं असलं, तर चिमाबाई येऊन नुसता हात लावायची आणि काय करायचं ते सांगायची. आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, हेही खरं. तिच्या नवऱ्याला, दादाभाऊला, हे सगळं तोंडपाठ होतं. तो धरणावर मासे धरायचा, दोन खाचरं भाताची करायचा आणि घरात गप्प असायचा. "एक बोलतंय ते बास हाय," असं त्याचं म्हणणं.

मोरीतला तो बेडूक एकटा आला नव्हता. चार दिवसांत तिथं तीन झाले. तेही साधे बेडूक नव्हेत, बोटांच्या टोकांना चिकट गोळे असलेले, झाडावर राहणारे पिवळट. दिवाळी होऊन गेली होती, भातं काढून झाली होती, थंडी पडायला लागली होती. हे दिवस बेडकांनी कुठंतरी भेगेत, ढोलीत, मातीत गडप व्हायचे. आणि यंदा ते उलटे बाहेर येत होते. दादाभाऊनं एका सकाळी येऊन सांगितलं की कालव्याच्या रस्त्यावर भर उन्हात बेडूक बसलेत, ओळीनं, आणि ट्रॅक्टर आला तरी उठत नाहीत.

"आठ चिरडलं माझ्यासमोर," तो म्हणाला. "एकानं बी उडी मारली न्हाई."

"झोपेत आसतील."

"दिवसा? रस्त्याव?"

तसं बघितलं तर पावसाळ्यातही गावाला एक गोष्ट कळायला हवी होती. खाचरं भरली तरी यंदा बेडकांचा गोंगाट झालाच नाही. कुठंतरी एखादा ओरडायचा, दमल्यासारखा थांबायचा. गावाला तेवढीच शांत झोप लागली, आणि कुणी त्याचा विचार केला नाही.

धूर सगळ्यांना ठाऊक होता, फक्त बेडकांशी त्याचा संबंध कुणी लावला नव्हता. वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात दीड वर्षापूर्वी पत्र्याचं शेड उभं राहिलं होतं, सगळे त्याला प्लांट म्हणायचे. ट्रक भरभरून जुनी टायरं यायची, भट्टीत वितळवायची, त्यातून तेल निघायचं. पावसात वारा असतो, तेव्हा धूर कुठं जातो ते कळत नसे. थंडी पडली की मात्र तो वर चढायचा नाही. दिवस कलला की ओढ्याच्या वाटेनं सावकाश खाली यायचा, वस्तीत बसायचा आणि सकाळी ऊन चांगलं तापेपर्यंत उठायचा नाही. तुळशीच्या पानावर बोट फिरवलं तर बोट काळं. वाळत घातलेलं धोतर पुन्हा धुवायला लागायचं. लोक तक्रार घेऊन गेले, साहेब बघायला आले, आणि साहेब यायच्या दिवशी भट्टी बंद. आता बोला.

बेडकांचा आणि धुराचा धागा जोडून दाखवला तो वैजयंतीबाईंनी. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. दोन वर्षं त्या ह्या खोऱ्यातले बेडूक मोजत होत्या, आणि त्यांना मोजताना बघून पोरंटोरं हसायची. चिमाबाईच्या मोरीत बेडूक आलेत हे कळल्यावर त्या घरीच आल्या. हात ओले केले, एक बेडूक अलगद उचलला, छोट्या वजनकाट्यावर ठेवला, मग त्याच्या गळ्याकडं आणि घड्याळाकडं बघत बसल्या.

"काय मोजताय?" चिमाबाईनं विचारलं.

"श्वास, मावशी. फार भरभर घेतोय. आणि वजन बघा, ह्या आकाराच्या बेडकाचं असायला हवं त्याच्या पाऊणपटसुद्धा नाही."

"खात नसंल."

"खायला उठायला हवं ना. उठायचं बळ नाही त्याच्यात." त्यांनी बेडूक परत ओल्या जागी ठेवला. "ह्याला आपल्यासारखी फुप्फुसं असतात, पण तेवढ्यावर ह्याचं भागत नाही. हा कातडीनंही श्वास घेतो. पाणीसुद्धा तोंडानं पीत नाही, कातडीनंच ओढतो. म्हणून कातडी कायम ओली लागते. आणि ओल्या कातडीवर हवेतलं जे जे पडेल ते सगळं आत जातं. आपल्या नाकात केस तरी असतात. ह्याला काहीच नाही, हा उघडाच."

"म्हंजे त्यो प्लांटचा धूर ह्याच्या आंगात."

"माझा अंदाज तोच आहे. अजून सिद्ध करायचंय मला. पण धूर वाढला की काय काय होतं ते मी लिहून ठेवलंय. आधी ओरडणं थांबतं, कारण ओरडायला सगळ्यात जास्त दम लागतो. मग खाणं कमी होतं. मग वेळकाळ सुटतो, नको तेव्हा नको तिथं बाहेर येतात. तुमच्या मोरीत आलेत ते पाहुणे नाहीत मावशी. हवा सोसेना म्हणून घर सोडून आलेत."

चिमाबाईनं ह्यातलं एकच वाक्य नीट उचललं. "म्हंजे माझ्या घरातली हवा चांगली."

वैजयंतीबाईंनी काटा आवरला. "बाहेरच्यापेक्षा बरी असेल," त्या म्हणाल्या. त्यांनी नंबर लिहून दिला. बेडकांचं काही वेगळं दिसलं तर लगेच फोन करा, असं दोनदा सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात नंदा बाळंत झाली. नंदा म्हणजे चिमाबाईची एकुलती एक लेक, आळे गावात दिलेली. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते, आणि पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. मुलगी झाली. पण नऊ महिने भरायच्या आधीच आली आणि वजन दोन किलोलाही थोडं कमीच. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातनं सोडताना नर्सनं चिमाबाईला समोर बसवून सांगितलं. लेकराला उबेत ठेवा, आईच्या छातीशी ठेवा, छाती नाजूक आहे तर हवेला जपा, आणि ती शेक-शेगडी करू नका. चिमाबाईनं "व्हय व्हय" केलं. शेगडी करू नका हे प्रत्येक नर्स सांगते आणि प्रत्येक घरात शेगडी होते. हवेला जपा, हे मात्र तिच्या मनात पक्कं बसलं.

घरी येताना जीपमध्ये तिनं लेकराचं तोंड पदरात झाकून घेतलं होतं. वस्ती जवळ आली तसा तो जळक्या रबराचा वास आला. मांडीवरचा तो एवढासा जीव. ह्याच्यापुढं ते बेडूकसुद्धा धडधाकट. ह्या धुरात हे कसं तगायचं? तिला रडू आलं, पण नंदासमोर तिनं ते दाबलं.

"काय काळजी करू नगंस," ती लेकीला म्हणाली. "मी हाय."

मागची खोली बाळंतिणीची ठरली. त्याच खोलीच्या कोपऱ्यात ती मोरी. वर कौलं, एक बारकी खिडकी, एक दार. जुन्या घरातली खोली ती, कौलांच्या फटींतून सकाळी उन्हाच्या रेघा पडायच्या. चिमाबाईनं त्या रेघांकडं बघितलं आणि दादाभाऊला हाक मारली. कांद्याच्या आरणीवर टाकायचा जाड प्लास्टिकचा कागद होता, तो तिनं कौलांखाली आतून ठोकून घेतला. खिडकीला तोच. भिंतीत उंदरांची भोकं होती ती शेणामातीनं लिंपली. दाराखाली दोन बोटांची फट होती, तेवढी राहिली, कारण दार उघडझाक व्हायला हवं. मोरीच्या पाणी जायच्या भोकात चिंधीचा बोळा, न्हाणं झालं की घालायचा.

"आगं, घराला श्वास तरी घ्यू दे," दादाभाऊ शिडीवरून म्हणाला.

"काय श्वास घेनार घर? त्यो प्लांटचा? तुमी खिळं मारा."

त्यानं खिळे मारले. ते झाल्यावर तो बाहेर पडला तो पडलाच, कारण बारा दिवस पुरुषमाणसानं त्या खोलीत पाय टाकायचा नाही ही तिच्या घरची रीत.

आणि मग चिमाबाईचं राज्य सुरू झालं. सकाळी आणि संध्याकाळी न्हाणं. न्हाणं झालं की बाजेखाली शेगडी. बाभळीचे कोळसे लाल फुलवायचे, वर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची. तो वास घरभर पसरला की चिमाबाईला बरं वाटायचं. तिच्या आईनं तिला हे केलं, तिनं शेकडो बाळंतिणींना केलं, कुणाचं काही वाकडं झालं नाही. आणि ते खोटं नव्हतं. फक्त त्या सगळ्या घरांच्या कौलांतून उन्हाच्या रेघा पडायच्या, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आजवर कोळशाच्या त्या उबेत जे काही वाईट होतं ते वरच्या वर निघून जात होतं. आता त्याला वाट नव्हती.

लेकरू झोपायचं. खूप झोपायचं. "किती गुनाची हाय," चिमाबाई म्हणायची. दूध ओढायला लावलं तर दोन घोट घ्यायची आणि तोंड सोडून द्यायची. नंदाचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की मळमळायचं.

"आये, दार जरा उघडं ठेव ना."

"आन् धूर आत घ्यू? बाहेर नाक लावून बघ, मंग बोल. त्येच्यानंच दुखतंय डोकं. माजं बी दुखतंय."

हेही खरंच होतं. चिमाबाईचंही डोकं दुखत होतं, पण ती दिवसभर आत-बाहेर करायची, तिचं थोडक्यात भागायचं.

घरी आल्याला चार दिवस झाले होते. सकाळी चिमाबाई विस्तव घेऊन आत गेली तर दाराच्या आतल्या बाजूला पायाशी काहीतरी मऊ लागलं. बेडूक. मोरीतला. सगळी खोली ओलांडून दारापाशी आला होता, फटीत डोकं घालून तसाच मेला होता. कातडी सुकून कागदासारखी झालेली. चिमाबाई खाली बसून त्याच्याकडं बघत राहिली. वैजयंतीबाईंचं बोलणं तिला आठवलं. बेडूक उघडा असतो, हवेतलं सगळं आधी त्याला लागतं.

"बघ," ती नंदाला म्हणाली. "मोरीत व्हता तवर जिता व्हता. फटीपाशी आला आन् मेला. धूर फटीतनं आत येतोय."

तिनं गोणपाट भिजवलं, गुंडाळी केली आणि फटीत दाबून बसवली. आत-बाहेर करताना ती पायानं सरकवायची आणि परत बसवायची. काम झाल्यावर तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. वैजयंतीबाईंना फोन करावा असं मनात आलं होतं. पण बाळंतिणीच्या खोलीतलं त्या बाईला काय कळणार, असं म्हणून तिनं तो विचार सोडून दिला. फोन केला असता तर बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असता ते तुम्हाला-मला कळतंय. चिमाबाईनं फोन केला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी उरलेले दोघं मोरीच्या भोकाशी सापडले. एकानं चिंधीच्या बोळ्यात तोंड खुपसलं होतं, इतकं की बोळा काढला तेव्हा तो सोबत आला. तो मेला होता. दुसरा त्याच्या पाठीवर चढून बसला होता, जिवंत होता, पण हाताळला तरी अंग हलवत नव्हता. गळा हलतोय का नाही हे बघायला चिमाबाईला वाकायला लागलं.

आता मात्र ती घाबरली. म्हणजे हिकडनंही येतोय. कितीही बुजवलं तरी तो धूर वाट काढतोय, आणि माझ्या लेकराच्या उशाशी येतोय. तिनं जिवंत बेडूक उचलून परत बादलीमागच्या ओल्या कोपऱ्यात ठेवला, त्याच्यावर पाणी शिंपडलं, आणि मोरीचं भोक ओल्या मातीनं गच्च लिंपून टाकलं. आता न्हाण्याचं पाणी बादलीत धरून बाहेर नेऊ, पण फट म्हणून ठेवायची नाही. त्या संध्याकाळी लेकराचे पाय गार लागत होते, म्हणून तिनं शेगडीत रोजच्यापेक्षा दोन मुठी कोळसे जास्त घातले. नंदा भिंतीकडं तोंड करून पडली होती, हाकेला "हं" म्हणत होती. चिमाबाईनं बाहेर येऊन दार ओढलं, बाहेरून खाली आणखी एक चिंधी कोंबली आणि ओट्यावर येऊन बसली.

दादाभाऊ जाळं उकलत होता. दिवस अजून डोंगरावर होता, कासराभर. खाली धरणाचं पाणी चमकत होतं.

"कशी हायेत दोघी?" त्यानं विचारलं.

"निजल्यात. आवं, त्ये बेडूक बी गेलं." तिनं सगळं सांगितलं. दाराच्या फटीतला पहिला, भोकातला दुसरा. "ज्या ज्या फटीतनं धूर येतो, तिथं तिथं मरत्यात. समद्या बुजवल्या आता मी."

दादाभाऊचे हात थांबले. "फटीत कसं पडलं व्हतं? तोंड कुठं व्हतं?"

"तोंड? फटीतच. आत खुपसलेलं."

"दोघांचं बी?"

"दोघांचं बी. आन् तिसरा त्येच्यावर चढून, त्येचं बी तिकडंच. का?"

त्याला बोलायची सवय नव्हती, शब्द जुळवायला वेळ लागत होता. "उन्हाळ्यात पानी उतरतं का न्हाई धरणाचं," तो म्हणाला, "तवा काठाला डबकी ऱ्हात्यात. तापत्यात. मासं तडफडत्यात त्यात. एखाद्या डबक्यात कुठनंतरी बारीक झरा येत असतो, बोटाएवढा. समदं मासं तिथं गोळा व्हत्यात, तोंड झऱ्याला लावून. जिती बी तिथंच आन् मेलेली बी तिथंच घावत्यात."

"बरं मंग?"

"मंग झऱ्यानं मारलं म्हनायचं का त्यांना?"

चिमाबाईनं तोंड उघडलं. त्याला गप्प करायला तिच्याकडं नेहमी काहीतरी असायचंच. "आवं, त्यो प्लांटचा..." एवढं ती बोलली. मग तिच्या डोळ्यांसमोर तो बोळा आला, आणि त्यात नाक खुपसलेला बेडूक. तो धुराकडं चालत गेला नव्हता. धुरापासून लांब चालला होता. आणि ती शेगडी खोलीच्या मधोमध, बाजेखाली, तिनं आपल्या हातानं फुलवून ठेवली होती.

ती उठली तेव्हा तिच्या पायात पाय अडकले. दाराखालची चिंधी ओलीच होती, दार अडकून बसलं, तिनं खांदा मारला. आत सगळं कसं छान होतं. उबदार. ओव्याचा वास. कोळसे लाल, नावालासुद्धा धूर नाही. नंदा बाजेवर पडली होती, गाल लाललाल, तब्येत सुधारल्यासारखे.

"नंदे."

नंदा हलली नाही.

"नंदे, ऊठ. ए नंदे." चिमाबाईनं तिला गदगदा हलवलं तेव्हा तिचं डोकं एका बाजूला कललं आणि तोंडातनं घशातला आवाज आला. कुशीत लेकरू होतं. त्याचे हात दोन्ही बाजूंना पसरलेले, मुठी उघड्या. तान्ह्या लेकराची मूठ उघडी नसते, हे चिमाबाईला कुणी सांगायला नको होतं.

तिनं लेकरू उचललं आणि ओरडली, "आत या. आवं, आत या." दादाभाऊ उंबऱ्याशी क्षणभर अडखळला, मग आत घुसला. त्यानं लेकीला काखेत धरून ओढत ओढत अंगणात आणलं. तिचे पाय भुईवर घासत आले.

चिमाबाई ओट्यावर पाय पसरून बसली. चाळीस वर्षं जशी बसत आली तशी. लेकराला पायांवर पालथं घातलं, पाठीवर हात चोळला, तळव्यांना टिचक्या मारल्या, उताणं करून तोंडात फुंकलं. काही नाही. पुन्हा पालथं. तिची बोटं आपोआप चालत होती, पण त्या बोटांना काय करायचं ते कळत नव्हतं. ती आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव न घेता नुसतं "ये गं, ये गं बाय," म्हणत होती. बाजूला नंदाला ओकारी झाली. ती कण्हली, म्हणजे ती जिवंत होती. दादाभाऊ फोनवर ओरडत होता. शिनोलीचा कुंडलिक जीप घेऊन येतो म्हणाला होता, पण जीप घोडेगावात होती.

"आर्धा तास लागंल म्हनतोय," दादाभाऊनं सांगितलं.

तेवढ्यात लेकराची पाठ तिच्या हाताखाली हलली. एकदा. मग थांबली. मग परत. एक बारीक, चिरका आवाज आला, रडणं म्हणावं असाही नाही. चिमाबाईनं तिला उलटं केलं, छातीशी धरलं आणि ढसाढसा रडली. लेकरू श्वास घेत होतं. मध्ये थांबत होतं, पण घेत होतं.

दादाभाऊनं विळा घेऊन खोलीतला प्लास्टिकचा कागद टराटरा फाडला, शेगडी उचलून अंगणात पालथी केली, कोळशांवर बादली ओतली. बाहेर आला तेव्हा तो जागीच उभा राहिला. दिवस डोंगराआड गेला होता. वरच्या अंगाला ओढ्याच्या वाटेवर भुरकट पट्टा दिसत होता, रोजच्या वेळेला, रोजच्यासारखा सावकाश खाली येणारा. भट्टी लागली होती.

चिमाबाईलाही वास आला. तिनं पदर लेकराच्या तोंडावर घेतला, मग चटका बसल्यासारखा काढला. ती उठून घराकडं गेली. दारातूनच कोळशाचा तो गोडसर वास आला, खोली अजून निवळली नव्हती. ती मागं फिरली. घराला वळसा घालून परसात गेली, तिथंही ओढाच होता, धुराची वाट तीच. परत अंगणात आली. पट्टा आता वस्तीच्या वरच्या टोकाच्या घरापर्यंत पोचला होता. लेकरानं त्यातल्या त्यात एक मोठा श्वास घेतला आणि ठसकलं, आणि ठसकल्यावर बराच वेळ पुढचा श्वास आला नाही. मग आला.

"आगं, जीप येस्तवर हिला धरायचं कुठं?" दादाभाऊनं विचारलं. लेकराच्या बाबतीत चिमाबाईला विचारायचं आणि ती सांगेल ते करायचं, ही त्याची एवढ्या वर्षांची सवय. तो तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

"मला न्हाई ठावं," चिमाबाई म्हणाली, आणि लेकराचे श्वास मोजायला लागली.